चाळीस प्रोजेक्टांतला मेल आयडी एकदम बदलताना

जुना मेल आयडी आणि एसएमटीपी सर्व्हर (मेल पाठवणारा सर्व्हर) चाळीस प्रोजेक्टांत बदलायचाय, असा एकाचा प्रश्न आहे, आणि त्यावर कुणीतरी 'सरळ सेड (फाइलींतला मजकूर शोधून बदलणारी कमांड) चालवा' असं सुचवलंय. चालवा, पण आधी गिट ग्रेपने (गिट ज्या फाइलींची नोंद ठेवतं त्यांत मजकूर शोधणारी कमांड) कुठल्या फाइलींत तो मजकूर आहे ते बघा. गंमत अशी की डॉट एन्व्ह फाइल (पासवर्डसारख्या सेटिंग्जची फाइल) बहुधा गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत असते, त्यामुळे गिट ग्रेपला ती दिसतच नाही, आणि खरा पासवर्ड नेमका तिथेच असतो! ती साध्या ग्रेपने वेगळी शोधा. सेड मात्र डॉट गिट फोल्डरवर (यात गिटचा सगळा इतिहास असतो) चुकूनही सोडू नका, रेपॉझिटरीच खराब होते. मी एकदा हा उद्योग करून अख्खी दुपार घालवली आहे. सेडच्या कमांडमध्ये पत्त्यातल्या टिंबाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर ते टिंब कुठल्याही अक्षराशी जुळतं.

मेल सर्व्हरचा पोर्ट क्रमांकही तपासा. ५८७ ला स्टार्टटीएलएस लागतं, म्हणजे साधी जोडणी सुरू करून मग ती टीएलएसने एन्क्रिप्ट करायची; ४६५ ला सुरुवातीपासूनच टीएलएस. नुसता आकडा बदलला तर कनेक्शन लटकतं किंवा एरर येतो.

आणि जुना पासवर्ड कधी चुकून गिटमध्ये कमिट झाला असेल, तर तो गिटच्या इतिहासात राहतोच. तो फाइलीतून काढून भागणार नाही, मेल खात्यातच बदलून टाका.