मदत हवी आहे: ग्रासकटरमधलं आठ महिन्यांचं पेट्रोल

टू-स्ट्रोक ग्रासकटर ऑक्टोबरात टाकी रिकामी न करताच ठेवला (चूक माझीच). आता चोक लावला की दोन सेकंद फुरफुरतो आणि बंद पडतो.

पेट्रोल पंपावरचं नेहमीचं, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं); लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल. प्लग नवा घातला, ठिणगी चांगली आहे, एअर फिल्टर धुतला. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं तर वास वार्निशसारखा आणि तळाला वेगळा थर. इथेनॉल ओल ओढून पाण्यासकट खाली बसलंय, असा माझा अंदाज. ताजं मिश्रण घालूनही फरक नाही. कार्बोरेटर अजून उघडलेला नाही. मेकॅनिक तालुक्याला, आणि गवत कमरेला आलंय.

कार्बोरेटर नुसता क्लीनरने साफ करून भागेल की डायफ्रॅमचं (आतल्या पातळ पडद्यांचं) किट आधीच मागवून ठेवू?

आणि उरलेल्या दीड लिटर जुन्या पेट्रोलचं काय करू? विहीर जवळ आहे, त्यामुळे जमिनीत ओतणार नाही. चुलीत घाला असंही कुणी सुचवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत लांबच्या विस्तवापर्यंत पोचते. तळाचा थर सोडून वरचं थोडं थोडं बाईकच्या भरलेल्या टाकीत घातलं तर चालेल का, की त्यातलं ऑइल त्रास देईल?