मदत हवी आहे: टाइपस्क्रिप्ट ईएस5 ला (जुन्या जावास्क्रिप्टला) कंपाइल करूनही जुन्या आयपॅडवर पान कोरं

मंडळी, आमचं ॲप टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, बंडलिंग (सगळ्या फाइल एकत्र बांधणं) वेबपॅकने. क्रोम, फायरफॉक्सवर सुरळीत चालतं. आयपॅड एअर 2 वर मात्र पान कोरंच राहतं. मॅकला केबल लावून कन्सोल पाहिला: ‘इनव्हॅलिड रेग्युलर एक्सप्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’.

कारण सापडलंय. रेजेक्समधलं (मजकुरात नमुना शोधणाऱ्या रेग्युलर एक्सप्रेशनमधलं) लुकबिहाइंड, म्हणजे ‘आधी अमुक असेल तरच जुळव’ असं सांगणारं (?<=...), सफारीत 2023 मध्ये 16.4 पासून आलं. हा आयपॅड आयपॅडओएस 15 च्या पुढे जात नाही, म्हणून त्यावरची सफारीही 15 वरच. टार्गेट ईएस5 असलं तरी कंपायलर रेजेक्सला हात लावत नाही, जसंच्या तसं पुढे ढकलतो. मग त्या एका ओळीपायी अख्खी फाइल पार्सच होत नाही, चूक पकडणाऱ्या ट्राय-कॅचपर्यंत गाडी पोचतच नाही. कोअर-जेएस (ब्राउझरमध्ये नसलेल्या सोयी भरून काढणारी लायब्ररी) घातलं, बेबेल (नवा कोड जुन्या रूपात बदलणारं साधन) लावलं, काही फरक नाही.

आमच्या कोडमधली दोन लुकबिहाइंड कॅप्चर ग्रुप (जुळलेला भाग वेगळा पकडणारे कंस) वापरून काढली. तिसरं एका मार्कडाउन लायब्ररीच्या पोटात आहे. तिची जुनी आवृत्ती चालणार नाही. आयपॅड शाळेतल्या मुलांच्या हातात आहेत, बदलणं शक्य नाही. त्यावर क्रोम टाकूनही उपयोग नाही, आत इंजिन सफारीचंच, वेबकिट.

लायब्ररी फोर्क न करता (स्वतःची वेगळी प्रत न सांभाळता) बिल्डच्या वेळीच हे रेजेक्स बदलायची खात्रीची पद्धत कोणी वापरली आहे का? आणि असं काही पुन्हा बंडलमध्ये शिरलं तर बिल्ड तिथेच थांबावा, यासाठी तुम्ही काय लावता?