मदत हवी आहे: छोट्या मिलिंग मशीनचं टेबल मधे ढिलं, टोकाला जाम

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात घरच्या गॅरेजमध्ये बेंचवर बसणारं एक सेकंडहँड मिलिंग मशीन आहे. धंदा नाही, नुसता नाद. वडील उसाला पाणी पाजायला जे संथ फिरणारं ऑइल इंजिन चालवायचे, त्याचं लहान चालतं मॉडेल करतोय. त्याच्या बेडचं (खालच्या बैठकीचं) कास्टिंग शिरोलीच्या एका फाउंड्रीतून ओतून घेतलं. कास्टिंगच्या वरच्या थरात वाळू चिकटलेली असते हे ठाऊक असूनही दोन महिने टेबल ज्यांवर सरकतं त्या स्लाइड उघड्या ठेवून तो थर काढत बसलो. बिडाची भुकटी, वाळू आणि तेल म्हणजे आयती लॅपिंग पेस्ट, धातू घासून झिजवणारी. तेव्हा दोष मशीनचा नाही, माझा.

आता अवस्था अशी: नटमध्ये फिरून टेबल सरकवणारा लीड स्क्रू २ मिमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्याला टेबल २ मिमी सरकतं. टेबल मधे असताना एक्सचं (टेबल डावीउजवीकडे नेणारं) हँडल उलटं फिरवलं की डायलवर ०.४५ मिमी रिकामं जातं, मग टेबल हलतं. टेबलाचं टोक हातानं आडवं रेटलं तर डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाचा) काटा ०.१२ मिमी सरकतो. गिबचे, म्हणजे स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्टीचे, छोटे ग्रब स्क्रू आवळले की हे थांबतं, पण दोन्ही टोकांकडे हँडल फिरता फिरत नाही. टोकाला मोकळं चालेल इतकं सोडलं की मधे परत खडखड. कटर फिरवणारा स्पिंडल बरा आहे. लाकडी दांड्यानं रेटून पाहिला, ०.०१ च्या वर जात नाही.

हँडल नेहमी एकाच दिशेनं फिरवून मापावर यायचं, हे माहीत आहे, कृपया ते सांगू नका. अडचण मापाची नाही. गेल्या रविवारी १० मिमीच्या एंडमिलनं (उभ्या कटरनं) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, ओढून घेतला, टेबल खट्कन पुढं सरकलं आणि कटरचे दोन दात गेले.

उद्यमनगरात दोघांना विचारलं. एक मिस्त्री म्हणाले, "गनमेटलचा नवा नट टाका, विषय संपला." दुसऱ्यांनी मोबाइलवर फोटो बघितला, चहा पाजला आणि म्हणाले, "खेळणं आहे हे, विका." विकायचं नाही. हातानं स्क्रेपिंग करणारा, म्हणजे स्लाइड खरवडून सपाट करून देणारा, माणूस मात्र दोघांनीही सुचवला नाही.

आधी नट करू की स्लाइड? आणि झिजलेल्या स्क्रूवर नवा नट टाकून उपयोग होतो का?

प्रतिसाद:

ते ०.४५ सगळं नटच्या माथी मारू नका. डायल गेजचा मॅग्नेटिक बेस टेबलावर बसवा, गेजचं टोक हँडलच्या बॉसवर (मधल्या गाभ्यावर) टेकवा. हँडल एका हातानं घट्ट धरा आणि टेबल पुढंमागं ओढा. काटा जितका हलेल तितका स्क्रूचा एंड प्ले, म्हणजे स्क्रूचं आपल्याच लांबीत पुढंमागं सरकणं. तो लॉकनट आणि वॉशरनं जातो, पाच-पन्नास रुपयांचं काम.

तो काढल्यावर बॅकलॅश, म्हणजे हँडल उलटं फिरवल्यावर रिकामी जाणारी चाल, परत मोजा, टेबल मधे असताना आणि दोन्ही टोकांना. तिन्हीकडे सारखा आला तर नट गेलाय. मधे जास्त आला तर स्क्रूही झिजलाय, मग नवा नट टोकाला बरा बसेल आणि मधे ढिलाच राहील. दोन्ही जोडीनं करावे लागतील.

डव्हटेल (स्लाइडची तिरक्या कडांची खाच) ग्राइंडिंगला द्यायची घाई नको. आधी गिबची पट्टी बाहेर काढा. या मशीनच्या पट्ट्या पातळ, ग्रब स्क्रूच्या टोकाशी वाकतात आणि तेवढ्याच ठिकाणी टेकतात. मार्किंग ब्लू (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून बघा कुठं कुठं लागते ते. आणि जॉब धरणारा व्हाइस कायम टेबलाच्या मधोमध बांधत असाल तर एका बाजूला सरकवा, कमी झिजलेला भाग वापरात येईल. एंडमिलचं म्हणाल तर फीड, म्हणजे जॉबची चाल, कटरच्या दातांच्या विरुद्ध द्या; दातांबरोबर दिलात की बॅकलॅश असलेलं टेबल ओढलं जाणारच.

धागाकर्ता:

मोजलं. ०.४५ पैकी ०.२४ एंड प्लेच निघाला! आतला वॉशर घासून कागदासारखा झालेला. तो बदलला. आता टोकांना ०.१५, मधे ०.२१, म्हणजे स्क्रूही थोडा गेलाय, पण इतकं सध्या चालवून घेतो. मिस्त्रींचं ऐकून नट केला असता तर निम्म्याहून जास्त प्ले तसाच राहिला असता.

पट्टीचं तुम्ही म्हणता तसंच आहे. चार ग्रब स्क्रूंपैकी दोनच ठिकाणी निळं लागलं, मधली जागा कोरी. आता एमरी पेपर काचेवर चिकटवून तिच्यावर पट्टी सरळ करणार. टीपॉयची १० मिमी काच चालेल का? घरात अजून विचारलेलं नाही.