वर्गणीदार, लवाजम आणि सब्स्क्राइबर

मांडवीकर
गणपतीत आमच्या मंडळाने आरती यूट्यूबवर थेट दाखवली. फलक रंगवायचं काम माझ्याकडे होतं. 'सब्स्क्राइब करा' लिहिणं जिवावर आलं, म्हणून लिहिलं, 'आमच्या चॅनलचे वर्गणीदार व्हा'. संध्याकाळी शेजारच्या काकू पन्नासची नोट घेऊन हजर. "वर्गणी दिली होती की रे, ही दुसरी कसली?" शब्द चुकला का माझा?

रावपुरा
मासिकाला चालला असता. आधी पैसे भरायचे, मग अंक घरी यायचा, तो वर्गणीदार. यूट्यूबचं ते बटण फुकट आहे. तिथे दरमहा पैसे भरतो तो 'जॉइन' दाबणारा. वर्गणीदार म्हणायचंच तर त्याला म्हणा.

माहेर बडोदं
मला 'लवाजम' आठवलं! घरी गुजराती मासिक यायचं, बाबा दर वर्षी विचारायचे, "लवाजम भरलं का?" पुण्यात सासरी एकदा तसंच बोलून गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "कुणाचा लवाजमा येतोय?" मूळ एकच, अरबी 'लवाजिम', म्हणजे लागणाऱ्या, जरुरीच्या गोष्टी. लाजिम आणि मुलाजिम त्याच घरातले. गुजरातीत त्याची अंकाची वर्गणी झाली, मराठीत हत्ती, घोडे, चोपदार. यूट्यूबवाल्याला दोन्ही अर्थ लागू पडतात बघा: मागे लवाजमा हवा, आणि पोटही त्याच्यावरच.

रावपुरा
वा ताई! पोटाचा हिशोब सांगतो. भाचा सेव-उसळीचे व्हिडिओ करतो. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सब्स्क्राइबर आणि १२ महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४००० तास लागतात. मग त्या उत्पन्नातले ५५ टक्के त्याचे. म्हणजे बघणारा वर्गणी भरतोच, फक्त तासांत. शिवाय खाली लिहितो, "मसाला कसा करतात ते दाखवा", आणि पुढचा व्हिडिओ मसाल्याचा येतो! याला 'प्रेक्षक' कसं म्हणायचं? प्र + ईक्ष्, नुसता बघणारा.

जुना विद्यार्थी
'सभासद' म्हणा.

रावपुरा
सभासदाला वार्षिक सभेत हिशोब मागता येतो. इथे मागून दाखवा.

जुना विद्यार्थी
बरं, मागे घेतो. पण इंग्रजी शब्दापुढे इतक्यात हात टेकायचे? आपल्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश करवला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, १९३१ चा. आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी. एका भाषेत अडलं की दुसरीत डोकवायचं.

माहेर बडोदं
डोकावून आपण लवाजमापर्यंत आलोच की. फॉलोअरला मात्र कुणी 'अनुयायी' म्हणू नका. सेव-उसळीचा पंथ निघायचा.

रावपुरा
निघालाय. रविवारी सकाळी गाडीपाशी येऊन बघा.

मांडवीकर
सगळ्यांचे आभार. 'लवाजम' लिहिलं असतं तर अर्धी गल्ली पाकीट काढून आली असती, 'लवाजमा' लिहिलं असतं तर उरलेली अर्धी हत्ती बघायला. फलक पुसून नवा लिहिलाय: 'सब्स्क्राइब करा. पैसे पडत नाहीत.' काकूंनी बटण दाबलं. पन्नासची नोट खजिनदाराने परत केलेली नाही.