मदत हवी आहे : पायी नर्मदा परिक्रमा, आपल्या आपण की एजंटमार्फत? (नागपूरहून दोघी)

प्रश्न : चालतीबोलती

नर्मदे हर मंडळी.

मी नागपूरची. शाळेतून निवृत्त झालेय, वय साठीला टेकलंय. येत्या कार्तिकात देवउठनी एकादशी झाली की माझ्या नणंदबाई आणि मी पायी परिक्रमा उचलायची असं ठरवलंय. ओंकारेश्वरहून. त्या माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, पण चालण्यात मला मागे टाकतात. आमचा आजवरचा सराव म्हणजे रोज सकाळी अंबाझरीचा काठ आणि श्रावणातली पचमढीची नागद्वार यात्रा. सलग काही महिने चालणं ही वेगळीच गोष्ट आहे हे कळतं, म्हणून विचारायला आले.

घरात दोन तट पडलेत. ताईंना (नणंद) एजंट हवा. इतवारीतल्या एका यात्रावाल्याकडे आम्ही जाऊन आलो. त्याचं म्हणणं असं: तीस-पस्तीस माणसांचा गट, सामान गाडीत, स्वयंपाकी सोबत, रोजचा मुक्काम आधीच ठरलेला, आणि शूलपाणीची झाडी (वाटेतलं सातपुड्याचं जंगल) "गाडीने करून देऊ". पहिल्या दिवशी संकल्प, कन्यापूजन, कढाई (शिऱ्याचा प्रसाद), आणि मग ओंकारेश्वराचं दर्शन करून चालायला सुरुवात. रक्कम लहान नाही. निम्मी आगाऊ.

मला हे पटत नाही. जेवण, मुक्काम, वाट, सगळंच पैसे भरून बांधून घेतलं तर नर्मदामैयाच्या भरवशावर उरलं काय? यावर ताई म्हणतात, "भरवसा ठेव, पण गुडघ्याची टोपीही ठेव." त्यांचं चूक आहे असंही नाही. दोघी बायका, दोघींना बीपीची गोळी, मुलं परगावी.

ज्यांनी पायी केली आहे त्यांनी सांगा, दोघींनीच निघण्यात खरी अडचण कुठे येते? रात्रीच्या मुक्कामाला बायकांची सोय होते का? झाडीतून बायका जातात का? समुद्र ओलांडायच्या नावेचं काय, तिचं बुकिंग एजंटशिवाय होतच नाही असं आम्हाला सांगण्यात आलंय. आणि रावेरखेडीला बाजीरावांची समाधी बघायची माझी फार जुनी इच्छा आहे. ती वाटेवर येते का? गटाच्या यादीत ते नाव दिसलं नाही.

वऱ्हाडी_पाय

काकू, एजंटले पैसे देण्याआधी एकडाव रामटेकले पायी जाऊन पाहा नं. मजाक नाही करून राहिलो. नर्मदेवर जेवढं नेणार आहा तेवढंच सामान पाठीवर घ्या आन् दोन दिवसात रामटेक गाठा. मनसर येईपर्यंत बरोबर समजते कोणतं सामान फालतूचं आहे. हायवेवर ट्रक लय जोरात येतात, म्हणून पहाटेच निघा. नाहीतर धापेवाड्याले जा, तिकडं गर्दी कमी राहते आन् विठोबाचं दर्शनबी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा चालावं वाटलं, तर तुमाले एजंट लागत नाही. नाही वाटलं, तर एजंट तरी काय करणार बाप्पा!

रेवातट

ताई, सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातल्या काही गोष्टींवरूनच बरंच कळतंय.

आधी त्या कार्यक्रमाबद्दल. संकल्प करून मग ओंकारेश्वराचं दर्शन, हे उलटं आहे. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर, म्हणजे पुलावरून नर्मदा ओलांडल्याशिवाय तिथे जाता येत नाही. परिक्रमा उचलली की मैया ओलांडायची नाही, ती सतत उजव्या हाताला ठेवायची. म्हणून बेटावरचं दर्शन संकल्पाच्या आधी आटोपायचं आणि नंतर थेट परिक्रमा पूर्ण झाल्यावर शिशीतलं (सोबत बाटलीत नेलेलं) नर्मदेचं जल चढवायला जायचं. मधल्या काळात दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन चालतं. हा नियम ज्याला माहीत नाही किंवा माहीत असून फिकीर नाही, त्याच्या हातात पुढचे महिने द्यायचे का ते तुम्ही बघा. कदाचित सांगणाऱ्याकडून क्रम चुकला असेल. एकदा पुन्हा विचारा.

मुक्काम आणि जेवण ही परिक्रमेतली सगळ्यात सोपी बाजू आहे, आणि एजंट नेमकी तीच विकतो. काठावर आश्रम, धर्मशाळा, देवळं आहेत, आणि गावातली घरंसुद्धा. तुम्ही दारात जाऊन "नर्मदे हर" म्हटलं की "कितनी मूर्ती हैं?" म्हणजे किती माणसं, असं विचारतात. दोन म्हणायचं आणि आसन लावायचं. बहुतेक ठिकाणी भोजनप्रसादी तयार मिळते, काही ठिकाणी सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा देतात, तेव्हा आपलं आपण शिजवायचं. एक छोटं पातेलं, दोन ताटल्या एवढं असलं की झालं. दोघी असाल तर उलट सोय चांगली होते. "माताराम" म्हणून घरातल्या खोलीत जागा देतात. तीस-पस्तीस माणसांचा जथा आला की त्याच आश्रमाची तारांबळ उडते, म्हणून गटवाल्यांना स्वयंपाकी न्यावा लागतो.

बायकांसाठी मी एवढंच पाळायला सांगेन, की दिवस कलायच्या बऱ्याच आधी मुक्काम धरा. चार वाजता चांगली जागा दिसली आणि पाय अजून चालतायत, तरी थांबा. पुढचं गाव किती लांब हे विचारलं तर प्रत्येक जण "बस, दो किलोमीटर" म्हणतो. त्यावर कधीही विश्वास ठेवू नका.

वाट. नर्मदेची लांबी १३१२ किमी. दोन्ही काठ धरले तर अडीच हजारांच्या वर, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त चालावं लागतं, कारण काठ पूर्वीसारखा राहिलेला नाही. बरगी, पुनासाचं इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. या धरणांच्या फुगवट्याने जुने घाट आणि पायवाटा पाण्याखाली गेल्या. इंदिरा सागरापायी २००४ साली हरसूद हे अख्खं गाव उठलं. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर झाल्यावर खालच्या भागातही तेच. म्हणून जुन्या परिक्रमावर्णनांतली मुक्कामांची यादी हातात धरून चालू नका. समोरून येणारा परिक्रमावासी भेटत नाही, सगळे एकाच दिशेने चालतात, तेव्हा पुढच्या मुक्कामाची खबर आश्रमातच घ्यायची. रोज रात्री उद्याची वाट विचारून झोपायचं, एवढंच नियोजन पुरतं.

झाडी. पूर्वी भिल्ल लुटत, अंगावरची लंगोटी तेवढी ठेवत, या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आता ती भीती राहिलेली नाही. उलट त्याच पाड्यांवर चहा आणि भाकरी मिळते. आजची अडचण चढउताराची आहे. बडवानीनंतर सातपुड्यात शिरलं की धडगावच्या बाजूला खडे चढ आहेत, मोबाइलला रेंज नाही आणि दवाखाना लांब. गुडघे साथ देत नसतील तर दुसरी वाट आहे: खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, तिथून गुजरातेत देडियापाडा आणि राजपिपळा. पूर्ण डांबरी, पूर्ण पायी, आणि महाराष्ट्रातून. त्यासाठी गाडीत बसायची काहीच गरज नाही. "गाडीने करून देऊ" म्हणजे पायी परिक्रमेचा एक मोठा तुकडा तुम्ही पैसे देऊन गाळणार.

समुद्रातली नाव. दक्षिण तटावर विमलेश्वर, समोर उत्तर तटावर मिठी तलाई. मधे खाडी नाही, सरळ समुद्रच समजा. भरतीच्या वेळेलाच नाव निघते, त्यामुळे वेळ रोज बदलते, कधी मध्यरात्रीही निघावं लागतं. आपण स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, आधार कार्ड दाखवायचं, भाडं भरायचं. गर्दी असली तर मुक्काम वाढतो. याला एजंट लागत नाही. नावेत चढताना उलटीची गोळी आणि पाणी जवळ ठेवा. शिशीतलं थोडं जल रत्नासागरात, म्हणजे त्या समुद्रात, सोडून तिथलं पाणी शिशीत घेतात, तेवढं लक्षात ठेवा.

आणि हो, रावेरखेडी वाटेवरच आहे. दक्षिण तटावर, ओंकारेश्वरहून निघाल्यावर पहिल्या काही मुक्कामांतच. नर्मदेच्या दगडांची शिवलिंगं घडवतात ते बकावा गावही त्याच भागात आहे. २८ एप्रिल १७४० ला थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले. आमच्या बरोबरीने चाललेल्या एका गटाला तिथे थांबायला वेळच मिळाला नव्हता, पुढच्या मुक्कामावर त्यांचा स्वयंपाक झालेला होता.

सुखदा_पुणे

रेवातट यांचं बहुतेक सगळं मान्य, तरी दुसरी बाजू सांगते. मी आईला घेऊन गटातून गेले. आईला मधुमेह, इन्सुलिन चालू. इन्सुलिन थंड ठेवायचं तर सोबत गाडी हवीच होती. शिवाय आईला हिंदीत चार अनोळखी माणसांच्या दारात उभं राहायचा संकोच वाटायचा. असे लोकही असतात आणि त्यांनीही परिक्रमा करावी. मैया काही तिकीट तपासत नाही.

पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी लिहून घ्या. मधेच आजारी पडून परतावं लागलं तर किती पैसे परत? एखादी दोन दिवस चालू शकली नाही तर गट थांबणार की तिला गाडीत बसवणार? रोज किती चालायचं हे कोण ठरवणार? आमच्याकडे ते गाडीचा चालक ठरवायचा, कारण पुढे गाडी लावायला जागा कुठे हे त्यालाच ठाऊक. आणि नावेच्या दिवशी सामानाची गाडी भरूचच्या पुलावरून वळसा घालून जाते, तेव्हा औषधं, शाल आणि शिशी आपल्याच पिशवीत ठेवा. आमच्यातल्या काहींची औषधं गाडीत राहिली आणि गाडी पोचेपर्यंत ते मिठी तलाईला तसेच बसून होते.

बीपीच्या गोळ्यांसाठी गट लागत नाही. त्या तालुक्याच्या गावी मिळतात. फक्त घटकाचं नाव कागदावर लिहून ठेवा, कारण तीच कंपनी मिळेल असं नाही.

इटारसी_लोकल

एक मधला मार्ग. तुम्हा नागपूरकरांना नर्मदा फार जवळ आहे याचा फायदा घ्या. इटारसीवरून नर्मदापुरमला (जुनं होशंगाबाद) सरळ रेल्वे आहे. तिथल्या सेठाणी घाटावरून दक्षिण तटाने हंडियापर्यंत आठवडाभर चालून बघा. मैया उजवीकडेच राहते. वाट सपाट, शेतांतून, गावं जवळजवळ, आश्रम भरपूर. गंजालसारख्या उपनद्या लागतात, त्या ओलांडायला हरकत नाही, नियम फक्त नर्मदेपुरता. हंडियाहून हरद्याला यायचं, इटारसीला गाडी बदलली की नागपूर. हंडियासमोर नेमावरला सिद्धनाथाचं सुंदर मंदिर दिसेल, ते पलीकडे आहे. मोह आवरा.

अशा तुकड्यातुकड्याने केलेल्या खंड परिक्रमेला काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. दारात उभं राहून "दो मूर्ती" म्हणणं आपल्याला जमतं की नाही, हे त्या आठवड्यात कळतं. ते जमलं की एजंटचा प्रश्नच मिटतो.

चालतीबोलती

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवातट दादा, तुमचा प्रतिसाद ताईंना मोठ्याने वाचून दाखवला. बेटावरच्या दर्शनाचं कळल्यावर त्यांनी स्वतःच यात्रावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, आजकाल सगळे जातात." ताईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्यांचं "बरं" आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

तर आता असं ठरतंय: आधी वऱ्हाडी_पाय भाऊंचं धापेवाडा (रामटेकच्या ट्रकची आम्हाला धास्ती), मग पावसाळा संपला की नर्मदापुरम ते हंडिया. ते नीट पार पडलं तर कार्तिकात ओंकारेश्वर, दोघीच. झाडीऐवजी शहादा-प्रकाशाची वाट, यावर माझा अजून होकार नाही, पण भांडायला बडवानीपर्यंत वेळ आहे.

सुखदाताई, मिठी तलाईचं सांगितलंत ते फार बरं केलंत. आम्ही औषधं दोघींच्या पिशव्यांत निम्मी निम्मी वाटून ठेवणार.

आता दोनच गोष्टी राहिल्या. बूट की सँडल? दुकानदार ट्रेकिंगचे जाड बूट गळ्यात मारतोय. आणि परतीचा दक्षिण तट चैत्र-वैशाखात येईल, नागपूरच्या माणसाला उन्हाचं कुणी सांगू नये, पण पाठीवर ओझं घेऊन त्या उन्हात चालायचं कसं?

रेवातट

जाड बूट नकोत. रोज कुठे ना कुठे चिखल, ओढा, वाळू लागते, बूट भिजला की दोन दिवस वाळत नाही. हलके कापडी बूट एक नंबर मोठे घ्या, कारण पाय सुजतात, आणि सोबत पट्ट्याची सँडल. फोड आला तर निर्जंतुक सुईने पाणी काढा, वरची कातडी ओढू नका. ओझं सहा-सात किलोंच्या आत.

उन्हाळ्यात पहाटे चारला निघायचं, दहाच्या आत जिथे पोचाल तिथे दुपार काढायची आणि ऊन उतरल्यावर थोडं चालायचं. अंतर निम्म्यावर येतं, येऊ द्या. आणि सुती धोतराचा एक जुना तुकडा घ्या, ओला करून डोक्यावर.