शब्दचर्चा : 'गंभीर गुन्ह्यांतील बालगुन्हेगारांवर खटले चालवण्यासाठी निधी'

मृणाल

एका संस्थेचं निवेदन मुद्रितशोधनासाठी आलंय. ते जिल्हा नियोजन समितीला द्यायचं आहे. मुख्य मागणी अशी:

"गंभीर गुन्ह्यांतील बालगुन्हेगारांवर खटले चालवण्यासाठी स्थानिक प्रशासनाने निधी उपलब्ध करून द्यावा."

व्याकरणात चूक दिसत नाही, पण शब्दांबद्दल शंका आहे. 'बालगुन्हेगार' चालेल का? 'विधिसंघर्षग्रस्त बालक' (कायदा मोडल्याचा आरोप असलेलं बालक) लिहायचं तर 'विधि' ऱ्हस्व की दीर्घ? आणि सरकारतर्फे खटला चालवणं या अर्थी 'अभियोजन' हा शब्द आपल्याकडे वापरतात का?

विनायक

मृणालताई, आधी ऱ्हस्वदीर्घ. इकारान्त तत्सम शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्व राहतो: विधिमंडळ, विधिनिषेध, विधिज्ञ. म्हणून 'विधिसंघर्षग्रस्त'. सुटा लिहिला की दीर्घ, म्हणून 'विधी व न्याय विभाग'. पोलिसांच्या प्रेसनोटमधला 'विधीसंघर्ष' वर्तमानपत्रात तसाच उतरतो. तो बदलायचा.

'बालगुन्हेगार' निवेदनात नको. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 मध्ये जी तत्त्वं दिली आहेत त्यांत एक तत्त्व थेट शब्दांबद्दलच आहे: बालकाविषयीच्या कामकाजात कलंक लावणारे, आरोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. शब्द कोणते वापरावेत हे कायदाच सांगतोय, त्यामुळे इथे आपल्या आवडीनिवडीला जागा नाही. याच कारणानं बालकाला 'अटक' होत नाही, 'ताब्यात घेतलं' जातं. 'आरोपपत्र' जात नाही, 'अंतिम अहवाल' जातो. 'आरोपी'च्या जागी 'बालक'. 1986 च्या कायद्यात 'अपचारी' या अर्थाचा शब्द होता, तो 2000 च्या कायद्यानं काढला. जुन्या कागदांतून उचललेला 'अपचारी बालक' अजून कुठे कुठे दिसतो, तोही बदलावा.

'अभियोजन' हिंदीतून आलेलं आहे. आपल्याकडे 'अभियोग' रुळला आहे. खात्याचं नावच 'अभियोग संचालनालय'. माणूस 'सरकारी अभियोक्ता', त्याची बाजू 'सरकार पक्ष'. बातमीत आपण 'सरकारतर्फे अमुक वकिलांनी काम पाहिलं' असं लिहितो, ते अगदी बरोबर मराठी आहे.

शुभांगी

विनायकदादांचं सगळं मान्य. पण या वाक्यातला सगळ्यात घातक शब्द 'गंभीर' आहे. तो साधा दिसतो म्हणून कुणी तपासत नाही.

बोलताना 'गंभीर गुन्हा' म्हणजे खून, बलात्कार. बाल न्याय कायद्यात 'गंभीर' ही मधली पायरी आहे. पायऱ्या तीन: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. हिंदीत तिसरीला 'जघन्य' म्हणतात आणि मराठी बातम्यांतही तो येऊ लागलाय. पायरी ठरते ती कलमात लिहिलेल्या शिक्षेवरून. कृत्य किती भयंकर वाटतं यावर काहीच ठरत नाही.

जास्तीत जास्त 3 वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर किरकोळ. किमान शिक्षा 7 वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर निर्घृण. मधलं गंभीर. पूर्वी यात एक फट होती: जास्तीत जास्त शिक्षा 7 वर्षांहून जास्त, पण किमान शिक्षा लिहिलेलीच नाही, अशी कलमं कुठे बसवायची? सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सांगितलं की ती 'गंभीर'च धरायची. पुढे 2021 च्या दुरुस्तीनं तेच कायद्यात आणलं.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. खून (भारतीय न्याय संहिता, कलम 103): शिक्षा जन्मठेप किंवा फाशी, म्हणून निर्घृण. खुनाचा प्रयत्न (कलम 109): किमान शिक्षा नाही, म्हणून गंभीर. जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत शिक्षा, पण किमान नाही: गंभीर. त्याच जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरलं (कलम 311) तर किमान 7 वर्षं: निर्घृण. आणि हिसकावून केलेली चोरी (कलम 304) 3 वर्षांपर्यंतच, म्हणजे नुसत्या या कलमाखाली मंगळसूत्र ओढून नेलं तर कायद्याच्या भाषेत 'किरकोळ'. जिच्या गळ्यातून ते गेलं तिला हा शब्द ऐकवणं कठीण आहे. पण कागदावर तोच लिहावा लागतो.

मोठ्या माणसासारखा खटला फक्त निर्घृण अपराधातच चालू शकतो, आणि तोही कृत्याच्या दिवशी बालकाची 16 वर्षं पूर्ण असतील तरच. निवेदनात 'गंभीर' लिहिलं की तुम्ही नेमका तोच गट मागताय ज्यात असा खटला चालतच नाही. जाणकार अधिकारी पहिल्या ओळीवरच बोट ठेवेल.

मृणाल

शुभांगीताई, 'जघन्य' आणि 'निर्घृण' यांत निवडायचं झालं तर?

विनायक

'जघन' म्हणजे शरीराचा मागचा, कटीचा भाग. त्यावरून 'जघन्य' म्हणजे सर्वांत शेवटचा, हीन. मराठी कानाला तो परका वाटतो, अर्थ कुणाला पटकन उलगडत नाही. 'निर्घृण' मात्र घरचा. एक गंमत सांगतो: संस्कृतात 'घृणा'चे अर्थ दोन, दया आणि किळस. 'निर्घृण'मध्ये पहिला अर्थ आहे, ज्यात दया नाही असा. काही जण 'घृणा म्हणजे किळस, मग निर्घृण म्हणजे किळस नसलेला का?' असं विचारून शब्द चुकीचा ठरवतात. तसं नाही.

मी 'निर्घृण अपराध' लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला 'किमान 7 वर्षे शिक्षेचा' हे विशेषण जोडीन. मग कुणाला कुठलाही प्रतिशब्द माहीत असो, अर्थ हलत नाही.

शुभांगी

आता 'खटला'. बाल न्याय मंडळासमोर खटला नसतो, 'चौकशी' असते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्य सदस्य, त्यांतली किमान एक स्त्री. आदर्श नियमांनुसार बैठक निरीक्षणगृहात (चौकशीच्या काळात बालकांना ठेवतात तिथे) किंवा त्याच्या जवळ भरते, उंच व्यासपीठ नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. चौकशी पहिल्यांदा हजर केल्यापासून 4 महिन्यांत संपवायची, फार तर 2 महिने वाढ. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदतही उलटली तर कामकाज तिथेच संपतं.

निर्घृण अपराधात मध्ये एक टप्पा येतो: 'प्राथमिक मूल्यांकन', कलम 15. बालकाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्य कोणत्या परिस्थितीत घडलं, एवढंच पाहायचं. त्यानं ते केलं की नाही हा प्रश्न इथे नसतो. यासाठी 3 महिने. त्यानंतर मंडळाला वाटलं तर प्रकरण 'बाल न्यायालया'कडे जातं. तिथे मात्र 'खटला' हा शब्द बरोबर.

बातम्यांत 'बाल न्यायालयानं जामीन दिला' असं छापलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा ते मंडळ असतं. बाल न्यायालय म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवरचं. हा फरक पैशासाठीही महत्त्वाचा आहे, कारण दोन्हीकडचे सरकारी वकील वेगळ्या विभागांचे.

रमेश

तिथेच येतो. मागणीतला 'निधी' हा एक शब्द निदान चार खिशांवर पसरलेला आहे आणि प्रस्ताव परत येण्याचं कारण नेहमी हेच असतं.

मंडळाच्या दंडाधिकाऱ्याचं *वेतन* न्यायालयीन आस्थापनेवर. दोन सदस्यांना वेतन नसतं, *बैठक भत्ता* असतो (केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत दर बैठकीला किमान 1,500 रुपये), तो महिला व बालविकास विभागाकडून, मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या योजनेतून. या योजनेत केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कंत्राटी लोकांना *मानधन*, तेही तिथूनच. दंडाधिकारी पातळीवरचे सहायक सरकारी अभियोक्ता गृह विभागाचे. सत्र पातळीवरचे जिल्हा सरकारी वकील विधी व न्याय विभागाकडे. एखाद्या प्रकरणात विशेष सरकारी अभियोक्ता नेमला तर त्याला *फी*. बालकाच्या वकिलाचा खर्च जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. वेतन, भत्ता, मानधन, फी हे चार शब्द अदलाबदल करायचे नाहीत. लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं) शोधणारा कारकून शब्द बघूनच फाइल पुढे सरकवतो.

यात 'स्थानिक प्रशासन' कुठेच नाही हे लक्षात घ्या. अभियोगाचा खर्च महाराष्ट्रात राज्याचा. जिल्हा परिषद, महापालिका यांच्या अंदाजपत्रकात तो येत नाही. जिल्ह्यातून काही मागता येतं ते जिल्हा वार्षिक योजनेतून. तिच्यातला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचं धोरण राज्यानं 2021 मध्ये घेतलं. पण त्यातून नवीन पद मागू नका. पद निर्माण करायला वित्त विभागाची मान्यता लागते, नियोजन समितीच्या हातात ते नाही. मागा ते असं: मंडळाच्या बैठकीच्या जागेची दुरुस्ती, बालकासाठी आणि पीडित मुलीसाठी वेगवेगळी थांबायची खोली, दूरदृश्य प्रणालीचा संच.

आणखी एक सापळा, तोही शब्दाचाच. जिल्हा परिषदेत 'महिला व *बालकल्याण*' विभाग असतो, अंगणवाड्या बघणारा. बाल न्यायाचं काम राज्याच्या 'जिल्हा महिला व *बालविकास* अधिकारी' कार्यालयाकडे. जिल्हा परिषदेत 'महिला व बालकल्याण समिती' ही विषय समिती आहे, आणि बाल न्याय कायद्यात 'बाल कल्याण समिती' आहे जी काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांचं बघते. नावं इतकी जवळची की अर्ज चुकीच्या टेबलावर महिनाभर पडून राहतो. तोवर 31 मार्च उलटला तर निधी व्यपगत. 'परत गेला' असं आपण म्हणतो, कागदावर 'व्यपगत' किंवा आधीच सोडला असेल तर 'समर्पित' लिहितात. दोन्हींचा अर्थ एक नाही: समर्पित म्हणजे कार्यालयानं स्वतः कळवून सोडलेला, व्यपगत म्हणजे मुदत संपून बुडालेला.

मृणाल

रमेशदादा, मग 'तरतूद झाली' म्हणजे पैसे आले असं समजायचं का? संस्थेनं गेल्या वर्षीचा ठराव जोडलाय, त्यात 'तरतूद' आहे.

रमेश

नाही. क्रम असा: तरतूद, प्रशासकीय मान्यता, वितरण, आहरण, खर्च, उपयोगिता प्रमाणपत्र. तरतूद म्हणजे अंदाजपत्रकात आकडा बसला. तो बीम्स या राज्याच्या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर आहरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे कोषागारातून पैसे काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नावे दिसला की 'वितरित'. कोषागारात देयक पास झालं की पैसे हातात. मागच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ती ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिलं नसेल तर पुढचा हप्ता अडतो. निवेदनात 'मागील वर्षी तरतूद झाली परंतु वितरण झाले नाही' असं स्पष्ट लिहा. 'निधी मिळाला नाही' या तक्रारीला 'तरतूद केली होती' असं उत्तर येतं आणि प्रकरण तिथेच थांबतं.

केतकी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

मूळ वाक्य मला इथल्या बातमीचं भाषांतर वाटतंय. इथे ते वाक्य खरं आहे. खटले चालवणारा डिस्ट्रिक्ट अटर्नी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) निवडून येतो आणि त्याच्या कार्यालयाचा खर्च काउंटीच्या अंदाजपत्रकात असतो. त्यामुळे 'खटले चालवायला स्थानिक निधी' ही रोजची चर्चा. म्हणूनच 'डिस्ट्रिक्ट अटर्नी'चं 'जिल्हा सरकारी वकील' करू नये. तुमच्याकडचे नेमलेले, इथले मतदानातून आलेले. 'काउंटी'ही तशीच ठेवावी.

2016 मध्ये इथे प्रपोझिशन 57 हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला, तेव्हापासून अल्पवयीनाला प्रौढांच्या न्यायालयात पाठवायचं की नाही हे न्यायाधीशच ठरवतात, सरकारी वकिलाला परस्पर दाखल करता येत नाही. गंभीर प्रकरणांतल्या मुलांना ठेवायची राज्याची यंत्रणा 30 जून 2023 ला बंद झाली आणि ती जबाबदारी काउंट्यांवर आली, सोबत राज्याचं अनुदान. त्या अनुदानाचं भाषांतर करताना 'खटल्यांसाठी निधी' असं होऊ देऊ नका. ते ठेवण्यासाठी, उपचारांसाठी आणि देखरेखीसाठी आहे.

शुभांगी

मृणालताई, एक मागणी मात्र मनापासून सुचवते, कारण प्रकरणं प्रत्यक्षात तिथेच रखडतात. प्राथमिक मूल्यांकनाचे 3 महिने आहेत. तपासाचे कागद आणि साक्षीदारांचे जबाब पोलिसांनी पहिल्या महिन्यातच मंडळाला द्यायचे असतात. मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2022 मध्ये सांगितलं. 2024 मध्ये न्यायालयानं 3 महिन्यांची मुदत मार्गदर्शक मानली, म्हणजे उशिरानं मूल्यांकन रद्द होत नाही. पण तोवर बालकही अडकून राहतं आणि पीडितेचं कुटुंबही. तज्ज्ञ मिळाला तर हा उशीर टळतो, आणि त्याचं मानधन हा छोटा, मोजता येणारा खर्च आहे. संख्या मंडळाकडून घ्या: गेल्या वर्षी 16 ते 18 वयाची निर्घृण अपराधाची प्रकरणं किती. त्याला दर मूल्यांकनाच्या मानधनानं गुणा. दोन भेटी धरा, एका भेटीत बालक बोलत नाही.

विनायक

मग वाक्य असं बसतं, बघा:

"किमान 7 वर्षे शिक्षेच्या निर्घृण अपराधांतील 16 ते 18 वयोगटातील विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या प्राथमिक मूल्यांकनासाठी मानसशास्त्रज्ञाचे मानधन, तसेच बाल न्याय मंडळाच्या बैठकीच्या जागेतील सुविधा यांकरिता जिल्हा वार्षिक योजनेतील महिला व बालविकासाच्या निधीतून तरतूद करून ती चालू आर्थिक वर्षात वितरित करावी."

लांब आहे, पण प्रत्येक शब्द कुठल्या तरी टेबलावर उपयोगी पडणारा.

रमेश

'वितरित करावी' हे छान. पत्ता 'जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती' आणि प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना. जोडपत्रात कुठल्याही बालकाचं नाव, शाळा, गाव येऊ देऊ नका, नुसता प्रकरण क्रमांकही नको. कलम 74 खाली ओळख उघड करायला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फक्त संख्या द्या.