१/३५ रेझिन पूमा: हल वाकलेला, मधली चाकं अधांतरी

चिलखत_३५:
पूमा या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आठचाकी चिलखती गाडीचं (एसडी.केएफझेड. २३४/२) पूर्ण रेझिनचं मॉडेल किट करायला घेतोय. खालचा हल (गाडीचं धड) काचेवर ठेवला तर मधे साधारण दीड मिमी उचललेला दिसतो, म्हणजे आठपैकी मधली चार चाकं टेकणारच नाहीत. दोन्ही मडगार्ड पिळलेत, तोफेची नळीही किंचित झुकलीय. प्लॅस्टिकची किट्स केली आहेत, रेझिन पहिल्यांदाच. क्रम काय ठेवू? किती तापवू? आणि गडद राखाडी रंग चालेल ना?

पितळी_तार:
आधी सगळे भाग धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहतो आणि पुढे रंग पापुद्र्यासारखा सुटतो. कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, मऊ टूथब्रश. मग पूर्ण वाळू द्या.

भागांना जोडून आलेले ओतकामाचे ठोकळे बारीक पात्याच्या करवतीनं कापा, पण भागाच्या रेषेला चिकटून नको. १ मिमी ठेवा आणि उरलेलं पॉलिश पेपरनं ओलं घासून काढा. कोरडं घासू नका. ही धूळ फुप्फुसात जाऊ नये. करवत चालवतानाही एफएफपी२ मास्क हवाच.

हल पोकळ आहे की भरीव? उपाय त्यावर ठरेल.

चिलखत_३५:
पोकळ. भिंती साधारण ३ मिमी जाड आहेत.

पितळी_तार:
मग सरळ होईल. ६० ते ७० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं पूर्ण बुडवा. हाताला नरम लागला की काचेवर दाबून धरा आणि तसाच गार पाण्यात न्या. गार व्हायच्या आत हात काढलात तर तो पुन्हा वाकतो. एकदम दीड मिमी काढायला जाऊ नका, दोन-तीन फेऱ्यांत काढा. हेअर ड्रायर टाळाच: एक बाजू जास्त तापते आणि वाक जाऊन पीळ येतो.

मडगार्ड पातळ आहेत, त्यांना अर्धा मिनिट पुरे. एसडी.केएफझेड. २३१ या आधीच्या आठचाकी गाडीला पुढचं-मागचं मडगार्ड वेगळं असतं. २३४ ला प्रत्येक बाजूला एकच लांब पट्टी. त्यामुळे पीळ लगेच डोळ्यात भरतो. हल सरळ झाल्यावर त्यालाच लावून तपासा, सुटं तपासून उपयोग नाही.

आठचाकी:
नळीवर वेळ घालवू नका. रेझिनची लांब बारीक नळी उष्णतेनं पुन्हा झुकते. ५ सेंमी एल/६० (नळी व्यासाच्या ६० पट लांब) तोफेसाठी लेथवर केलेली अॅल्युमिनियमची नळी मिळाली तर तीच बसवा. हँडलंही तारेची करा: खरी सळई १५ मिमी धरली तर १/३५ मध्ये ०.४ मिमी तार.

चाकांसाठी नुसत्या सुपरग्लूवर विसंबू नका. हलक्या धक्क्यानं जोड सुटतो, आणि तो क्षणात धरत असल्यामुळे चाक हलवून नीट करायला वेळच मिळत नाही. ०.८ मिमी पितळी तारेचा खिळा अॅक्सलमध्ये बसवा, चाकात मात्र १.२ मिमी भोक पाडा. ती ढिलाईच कामाला येते. पाच मिनिटांत धरणारा दोन भागांचा इपॉक्सी लावून चारी कोपऱ्यांची चाकं आधी काचेवर टेकवा, ती पक्की झाली की मधली चार. हलमध्ये थोडासा वाक उरला असेल तर तो इथे खपून जातो.

चाकं वळलेली दाखवायची असतील तर लक्षात ठेवा: या गाडीची आठही चाकं वळतात. पुढचे दोन अॅक्सल एका दिशेला, मागचे दोन उलट. टोकाचे अॅक्सल मधल्यांपेक्षा जास्त. हे खिळे बसवण्याआधीच ठरवा.

डुंकेलगेल्ब:
राखाडी नको. फेब्रुवारी १९४३ पासून मूळ रंग डुंकेलगेल्ब म्हणजे गडद पिवळा झाला आणि पूमाचं उत्पादन त्याच वर्षी सप्टेंबरात सुरू झालं. पिवळ्यावर ऑलिव्ह हिरवे आणि लालसर तपकिरी पट्टे फवारलेत तर योग्य.

त्याआधी बुडबुड्यांची भोकं भरा. सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून भरायची आणि तासाभरात घासून घ्यायची, रात्रभर राहिली तर आजूबाजूच्या रेझिनपेक्षा टणक होते. मग लॅकर प्रायमरचे दोन पातळ थर. अॅक्रिलिक थेट रेझिनवर मारलात तर नखानंही निघेल. प्रायमर वाळला की मास्किंग टेप न दिसणाऱ्या जागी चिकटवून ओढून बघा. प्रायमर टेपबरोबर आला तर तेवढा भाग खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि तिथे पुन्हा प्रायमर मारा.